चेहऱ्यापलीकडचं काळेपण

जानेवारी 1969 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये 'हार्लेम ऑन माय माइंड' हे प्रदर्शन भरलं. हार्लेम ही न्यूयॉर्कमधली कृष्णवर्णीयांची सर्वांत नामवंत वस्ती. प्रदर्शनात भिंतभर मोठी केलेली छायाचित्रं होती, ध्वनिमुद्रणं होती, वर्तमानपत्रांतले मजकूर होते. कृष्णवर्णीय चित्रकाराचं चित्र किंवा शिल्पकाराचं शिल्प मात्र एकही नव्हतं. जेम्स व्हॅन डर झीसारख्या थोर छायाचित्रकाराचं काम होतं, पण तेही वस्तीच्या जीवनाचा पुरावा म्हणून मांडलेलं. जेकब लॉरेन्स, रोमेअर बिअर्डन, नॉर्मन लुइस हे सगळे याच वस्तीत घडलेले आणि तेव्हा हयात असलेले चित्रकार. त्यांच्यासाठी तिथे जागा नव्हती. चित्रकार बेनी अँड्र्यूज आणि त्यांचे सहकारी फलक घेऊन म्युझियमच्या दारात उभे राहिले.

कलेतल्या कृष्णवर्णीय अस्मितेचा इतिहास लिहायचा तर मला ही घटना मध्यभागी ठेवावीशी वाटते. काळे चेहरे पाश्चात्त्य कलेत कधीच दुर्मीळ नव्हते. येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांपैकी एक काळा असतो, सरदार-घराण्यांच्या व्यक्तिचित्रांत कोपऱ्यात काळा पोऱ्या असतो. ह्यूस्टनच्या द मेनिल दांपत्याने 1960 मध्ये अशा प्रतिमांचा शोध सुरू केला आणि त्यातून ग्रंथांची एक मोठी मालिका उभी राहिली. वाण होती ती काळ्या माणसाला चित्रकार म्हणून, विचार करणारा कर्ता म्हणून मान्यता मिळण्याची. मेट्रोपॉलिटनने त्या वर्षी हार्लेमचे चेहरे स्वीकारले आणि हात नाकारले.

त्याच म्युझियमने 2024 मध्ये हार्लेम रेनेसाँवर, म्हणजे हार्लेममधल्या कृष्णवर्णीय कलेच्या बहरावर, मोठं प्रदर्शन केलं, तेव्हा त्याची सूत्रं डेनिस मरेल या कृष्णवर्णीय कलेतिहासकार स्त्रीकडे होती. त्यातली बरीच चित्रं हॅम्प्टन, हॉवर्ड, फिस्क, क्लार्क अटलांटा अशा कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थांकडून आली होती. मोठी संग्रहालयं पाठ फिरवून बसली असताना या संस्थांनी ही चित्रं घेतली आणि जपली. हेल वुडरफ या चित्रकाराने अटलांटा विद्यापीठात 1942 पासून कृष्णवर्णीय कलावंतांची वार्षिक प्रदर्शनं सुरू केली. ती 1970 पर्यंत चालली आणि तिथली पारितोषिकविजेती कामं संस्थेच्या संग्रहात जात. आज जो कलेतिहास लिहिता येतो, तो या शहाणपणाच्या जोरावर. जे जपलं गेलं नाही ते गेलं. ऑगस्टा सॅव्हेज हिने 1939 च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यासाठी केलेलं 'द हार्प' हे गाणाऱ्या मुलांच्या रांगेतून वीणेचा आकार घेणारं सोळा फुटी शिल्प प्लास्टरचं होतं. ते ब्राँझमध्ये ओतायला किंवा ठेवायलाही पैसे नव्हते. मेळा संपल्यावर ते पाडून टाकलं गेलं.

मरेल यांचं आधीचं काम माने या चित्रकाराच्या 'ऑलिम्पिया'वरचं. 1863 मध्ये रंगवलेल्या आणि 1865 च्या पॅरिसच्या सलों प्रदर्शनात गदारोळ उडवणाऱ्या या चित्रातल्या नग्न गोऱ्या स्त्रीवर समीक्षकांनी शंभर वर्षं लिहिलं. फुलांचा गुच्छ घेऊन तिच्यामागे उभी असलेली काळी स्त्री जणू पडद्याचाच भाग होती. कलावंत लॉरेन ओ'ग्रेडी हिने 1992 मध्ये या दासीवर एक तिखट निबंध लिहून तिला चर्चेत आणलं. मरेल यांनी पुढची पायरी गाठली. मानेच्या वहीत त्या स्त्रीचं नाव आणि पत्ता नोंदलेला होता. तिचं नाव लोर. 2018 मध्ये कोलंबिया विद्यापीठात आणि 2019 मध्ये पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्ये झालेल्या प्रदर्शनांनी लोरला फ्रेंच वसाहतींतली गुलामगिरी नुकतीच संपली होती त्या काळच्या पॅरिसमधली एक कष्टकरी रहिवासी म्हणून उभं केलं. मारी-गिय्यमीन बेनवा हिने 1800 मध्ये काढलेलं, आजवर फक्त वंशाच्या नावाने ओळखलं जाणारं चित्रही ओर्सेत 'मादलेनचं व्यक्तिचित्र' म्हणून लागलं. अशी नावं परत मिळवणं हे कलेतिहासाचं पहिलं कर्तव्य आहे.

काळा माणूस चित्रात कसा दिसतो, या प्रश्नाची आपल्याकडेही फार जुनी मुळं आहेत. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्यानेच खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवलं. हयातभर त्याने मुघल बादशहा जहांगीरला दक्षिणेत मोकळेपणी पाय रोवू दिले नाहीत. आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात असलेल्या अबुल हसनच्या सुमारे 1616 च्या चित्रात जहांगीर भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतोय. मुंडक्यावर घुबड बसलंय. प्रत्यक्षात अंबर त्यानंतर दहा वर्षं जगला आणि 1626 मध्ये म्हातारपणी वारला. रणात न जमलेली गोष्ट बादशहाने कागदावर करून घेतली. दुसरीकडे हाशिमने काढलेलं अंबरचं चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पांढऱ्या झुळझुळीत अंगरख्यातली भारदस्त एकचष्मी आकृती, चेहऱ्यावर कसलेल्या मुत्सद्द्याचा करारीपणा. चित्रकार समोरच्या माणसाला कोणत्या नजरेने पाहतो, यावर एकाच माणसाचं काळेपण हेटाळणीचा किंवा प्रतिष्ठेचा विषय कसं होतं, हे या दोन चित्रांइतकं स्वच्छ दाखवणारी उदाहरणं थोडीच.

हार्लेममधल्या पिढीपुढचा पेच वेगळा होता: आपली कला कशातून घडवायची? तत्त्वज्ञ अॅलेन लॉक यांनी 1925 मध्ये कृष्णवर्णीय चित्रकारांना आफ्रिकेच्या शिल्पपरंपरेकडे वळायला सांगितलं. चित्रकार एरन डग्लसने ते मनावर घेतलं. जेकब लॉरेन्सने आपल्या लोकांच्या ताज्या इतिहासाकडे पाहिलं. दक्षिणेकडून उत्तरेच्या शहरांत आलेल्या लाखो कृष्णवर्णीयांच्या स्थलांतरावर त्याने 1940-41 मध्ये 60 चित्रांची मालिका केली. साठही फळ्या एकदम मांडून तो एकेक रंग सगळ्यांवर देत गेला, गडद रंगापासून उजळाकडे. त्यामुळे मालिका एका सुरात वाजते. तिच्यात चेहरे जवळजवळ नाहीतच; वाकलेल्या पाठी, गाठोडी, जिने, रेल्वेफलाट आहेत. तरीही ती चित्रं कोणाची आहेत याबद्दल क्षणभरही शंका येत नाही.

कृष्णवर्णीय कला कशाला म्हणायचं, हा वाद साठ-सत्तरच्या दशकांत चिघळला. नागरी हक्कांची चळवळ ऐन भरात असताना अमूर्त चित्रं काढणाऱ्या कृष्णवर्णीयाला दोन्हीकडून मार बसे. गोऱ्या समीक्षकाला त्यात 'काळं' काही दिसेना आणि चळवळीतल्या मित्रांना ती पळवाट वाटे. शिकागोच्या आफ्रिकोब्रा गटाने झळाळत्या रंगांतली, लोकांना परवडतील अशी मुद्राचित्रं केली. बेटी सारने 1972 मध्ये जाहिरातींतल्या हसऱ्या काळ्या आयेची बाहुली घेतली आणि तिच्या हातात बंदूक दिली. अपमानाच्याच सामग्रीतून केलेला हा प्रतिकार आजही अंगावर येतो. त्याच वर्षी 80 वर्षांच्या निवृत्त शाळाशिक्षिका अल्मा थॉमस यांच्या रंगांच्या ठिपक्यांची अमूर्त चित्रं व्हिटनी म्युझियममध्ये एकल प्रदर्शनात लागली. तिथे हा मान मिळालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. सार आणि थॉमस यांच्यात निवड करायला लावणारी समीक्षा मला लबाड वाटते.

या सगळ्या वादांना पचवून उभा राहिलेला चित्रकार म्हणजे केरी जेम्स मार्शल. 1955 मध्ये अलाबामात जन्मलेला मार्शल 1980 पासून माणसं थेट काळी रंगवतो, तपकिरी नाही. काजळीचा, हाडांच्या कोळशाचा आणि लोहाच्या ऑक्साइडचा असे तीन काळे रंग घेऊन त्यांत तो निळ्या-हिरव्याची भर घालतो. त्यामुळे काळ्यातच ऊन-सावली, गरम-थंड अशा छटा येतात. छापील चित्रांत हे हरवतं. प्रत्यक्षात मात्र तो काळा सपाट राहत नाही, खोल होत जातो. 1997 च्या 'पास्ट टाइम्स'मध्ये काळी कुटुंबं हिरवळीवर क्रोके खेळतात, नौकाविहार करतात. माने आणि सेरा यांनी फ्रेंच मध्यमवर्गाला दिलेला निवांतपणा मार्शलने शिकागोच्या कृष्णवर्णीयांना दिला. युरोपीय रेनेसाँपासूनचं रचनाशास्त्र त्याने कसून शिकून घेतलं आणि आपल्या माणसांसाठी वापरलं.

'पास्ट टाइम्स' याच चित्राने बाजाराचाही चेहरा उघडा केला. शिकागोच्या एका सार्वजनिक संस्थेने 25 हजार डॉलरला घेतलेलं ते चित्र 2018 मध्ये सदबीजच्या लिलावात 2 कोटी 11 लाख डॉलरला गेलं. लोकांसाठी टांगलेलं चित्र खासगी मालकीत गेलं. त्यानंतर कृष्णवर्णीय व्यक्तिचित्रांवर उड्याच पडल्या. घानाच्या अमोआको बोआफोचं वर्षभरापूर्वी काढलेलं चित्र 2020 मध्ये अंदाजाच्या कितीतरी पट, 6 लाख 75 हजार पौंडांना विकलं गेलं. पैसे कलावंतांना मिळावेत याबद्दल दुमत नाही, पण अशा फेरविक्रीत नफा मधल्या मालकांनाच होतो. आणि बाजाराला हवा होता तो चेहरा. गर्द पार्श्वभूमी, ठाम नजर, भरजरी कपडे. मार्शलने तीस-पस्तीस वर्षं झगडून मिळवलेलं व्याकरण काही हंगामांत सजावटीचा नमुना झालं.

ब्रिटनमधला अनुभव याच्याशी ताडून पाहण्याजोगा आहे. ऐंशीच्या दशकात तिथे 'ब्लॅक' या झेंड्याखाली आफ्रिकी, कॅरिबियन आणि आशियाई कलावंत एकत्र आले. कराचीत जन्मलेल्या रशीद अराईन यांनी 1989 मध्ये लंडनच्या हेवर्ड गॅलरीत 'द अदर स्टोरी' हे प्रदर्शन मांडलं. त्यात गोव्याच्या सालिगावात जन्मलेला, मुंबईच्या जे.जे.तून काढून टाकलेला फ्रान्सिस न्यूटन सूझाही होता. साठच्या दशकात सूझाने काळ्यावर काळा जाड रंग थापून चित्रं केली होती. त्यांतले आकार प्रकाशाच्या तिरपेतच उमटतात. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूरने मात्र त्या प्रदर्शनात सामील व्हायला नकार दिला. वंशाच्या नावाखाली आपलं काम लागू नये, ही त्याची भूमिका समजण्यासारखी आहे. तरी मला अराईन यांची बाजू अधिक वजनदार वाटते. ज्यांना इतिहासाच्या मुख्य दालनात कोणी बोलावलंच नव्हतं, त्यांना आधी एकत्र दिसणं भाग होतं.

आजच्या घडीला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो चित्रकार जॅक व्हिटन. अलाबामात 1939 मध्ये जन्मलेल्या व्हिटनने सत्तरच्या दशकात बारा फुटी फणीसारखं अवजार बनवून ओल्या रंगावरून एका फटक्यात ओढलं. पुढे वाळलेल्या ॲक्रिलिकच्या लाद्यांचे तुकडे कापून तो कॅनव्हासवर जडवू लागला. लेखक राल्फ एलिसनला वाहिलेल्या 1994 च्या 'ब्लॅक मोनोलिथ 2' मध्ये रंगाबरोबर काकवी, कोळसा, राख, मीठ, चॉकलेट, अंड्याचं कवच आणि दाढीचं पातं आहे. समोर फक्त माणसाच्या आकाराची काळी छाया दिसते. नाक-डोळे नाहीत, नजर नाही. उसाच्या मळ्यातली गुलामी, खाणीतली मजुरी, घरातलं स्वयंपाकघर, रस्त्यावरचा धोका हे सारं त्या पृष्ठभागात मुरलेलं आहे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्याचं समग्र प्रदर्शन 2025 मध्ये भरवलं. व्हिटन 2018 मध्येच गेला होता. बोआफोच्या व्यक्तिचित्राला बाजारात पोचायला वर्ष लागलं, व्हिटनच्या विचाराला अशा समग्र प्रदर्शनापर्यंत पोचायला अर्धं शतक. कृष्णवर्णीय कलेवर लिहिणाऱ्याने आता या अंतराचा हिशेब मागायला हवा.