‘कर’ म्हणजे नेमका कुठला?

मंडळी, आडनावाचा अर्थ लावताना आपण फार घाई करतो. ‘कर’ दिसला की मूळगाव सापडलं म्हणून मोकळे! नांदगावकर म्हणजे नांदगावचा, हे खरं. पण कोणत्या? आपलं नांदगाव खंडेश्वर आहे, अमरावतीजवळ नांदगाव पेठ आहे, नाशिक जिल्ह्यातही नांदगाव आहे. आडनावात खंडेश्वर आणि पेठ गळून जातात.

दुसरं असं, की गावातल्या गावात कोणी कोणाला नांदगावकर कशाला म्हणेल? इथं सगळेच नांदगावचे. ही ओळख गाव सुटल्यावर कामी येते. गाडगेबाबांचंच बघा ना. जन्म १८७६ सालचा, शेंडगावचा; आडनाव मात्र जानोरकर.

पोलंडात असाच ‘स्की’ आहे. टार्नूफ गावावरून टार्नोफ्स्की. पण तिथं तो आधी गावाची मालकी असलेल्या सरदारांचा होता, सामान्यांकडे नंतर आला. आपला ‘कर’ बिनजमिनीच्या माणसालाही लागला.

म्हणून आडनावावरून कोणाचं मूळ, आणि त्यावरून जात ठरवणं हा कच्चा धंदा आहे. आडनाव फक्त सुगावा देतं. खात्री करायची तर जुनं कोतवाल बुक काढा, घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा.