आकडेवारी आणि खेळशैली : फेडरर, नदाल व जोकोविच यांच्या तुलनेच्या निमित्ताने

क्रीडासमीक्षेत खेळाडूची शैली विशेषणांच्या आधारे सांगण्याची परंपरा जुनी आहे. रॉजर फेडरर ‘कलात्मक’, राफेल नदाल ‘लढवय्या’ आणि नोव्हाक जोकोविच ‘यंत्रवत’ ही विशेषणे आपल्या वृत्तपत्रांच्या क्रीडापानांवरही इतकी रुळली आहेत की, ती तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. या विशेषणांना उत्तर म्हणून आकडेवारीचा आधार घेतला जातो. आकडे पक्षपात करीत नाहीत, हे त्यामागील गृहीतक होय. तथापि टेनिसमधील बहुतेक प्रचलित आकडे हे सामन्याच्या फलिताचे आकडे असतात; शैलीचे नव्हेत. या दोहोंची गल्लत झाली की खेळाडूंवर अन्यायकारक शिक्के बसतात. प्रस्तुत लेखात या गल्लतीचा विचार केला आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे 2019 च्या विम्बल्डन स्पर्धेतील पुरुष एकेरीचा अंतिम सामना. 4 तास 57 मिनिटे चाललेला हा सामना जोकोविचने 7-6, 1-6, 7-6, 4-6, 13-12 असा जिंकला. केवळ आकडे पाहिले तर विजेता ओळखता येणार नाही. एकूण गुण फेडररचे 218, जोकोविचचे 204. गेम फेडररचे 36, जोकोविचचे 32. बिनतोड सर्व्हिस फेडररच्या 25, जोकोविचच्या 10. विनर फटके फेडररचे 94, जोकोविचचे 54. फेडररने प्रतिस्पर्ध्याची सर्व्हिस सात वेळा भेदली, जोकोविचने तीनच वेळा. पाचव्या सेटमध्ये 8-7 अशा आघाडीवर स्वतःच्या सर्व्हिसवर फेडररला दोन मॅचपॉइंटही मिळाले होते.

मग हे आकडे खोटे म्हणावेत काय? तसे नाही. टेनिसची गुणपद्धतीच अशी आहे की तीत सर्व गुण सारख्या मोलाचे नसतात. दुसरा सेट 6-1 असा जिंकताना फेडररने जे जादा गुण मिळवले, त्यांचा पुढील सेटमध्ये काहीही उपयोग नव्हता. तिन्ही टायब्रेकर मात्र जोकोविचने 7-5, 7-4 व 7-3 असे जिंकले. म्हणजे टायब्रेकरमधील 33 गुणांपैकी 21 त्याचे आणि 12 फेडररचे. हे 33 गुण वगळले तर उरलेल्या 389 गुणांत फेडरर 206-183 असा पुढे होता. इस्नर आणि माहू यांच्यातील 2010 च्या विम्बल्डनमधील 11 तास 5 मिनिटांच्या लढतीतही हेच घडले. माहूने 502 गुण मिळवले, इस्नरने 478, जिंकला इस्नर.

येथेच समीक्षकांची घाई सुरू होते. जोकोविच दडपणाखाली कणखर, फेडरर दडपणाखाली ढेपाळणारा, असा निष्कर्ष या सामन्यानंतर सर्रास काढला गेला. प्रस्तुत लेखकास तो मान्य नाही. तेहेतीस गुणांच्या नमुन्यावरून मनोबलाचा सिद्धान्त मांडणे संख्याशास्त्राच्या प्राथमिक नियमांतही बसत नाही. शिवाय फेडररने 2024 मध्ये डार्टमथ महाविद्यालयाच्या पदवीदान समारंभात सांगितलेली गोष्ट येथे महत्त्वाची आहे : कारकिर्दीतील 1526 एकेरी सामन्यांपैकी जवळपास 80 टक्के त्याने जिंकले, पण गुण मात्र केवळ 54 टक्के. गुणपद्धतीच लहान फरकाला मोठे करते. सर्व्हिस करणारा प्रत्येक गुण जिंकण्याची शक्यता 60 टक्के असेल, तर गेम जिंकण्याची शक्यता सुमारे 74 टक्के होते. इतक्या निसरड्या मापावर दोन-चार गुण इकडचे तिकडे झाले, तर त्यातून स्वभावचित्र रेखाटणे धाडसाचे ठरते.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. ‘अनफोर्स्ड एरर’, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या दडपणाविना झालेली चूक, हा आकडा सर्वत्र छापला जातो. परंतु दडपण होते की नव्हते, हे ठरवतो कोण? नोंद करणारा मनुष्य, आपल्या नजरेने. ज्याला आपण वस्तुनिष्ठ आकडा म्हणतो, तो खरे तर एका प्रेक्षकाचा अभिप्राय असतो. जोकोविचच्या खेळाचा गाभा परतीच्या फटक्याची खोली हा आहे. चेंडू बेसलाइनजवळ पडतो, समोरच्याला मागे रेटतो, आणि तीन-चार फटक्यांनंतर तो जाळ्यात मारतो. ही चूक नोंदवली जाते प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात. जोकोविचच्या नावावर विनर पडत नाही. त्याची शैलीच नोंदवहीतून निसटते आणि ‘यंत्रवत’ हे विशेषण तेवढे उरते.

आता नदाल आणि फेडरर यांच्या परस्पर लढतींकडे वळू. एकूण 40 लढतींत नदाल 24-16 असा पुढे आहे, आणि हा आकडा श्रेष्ठत्वाचा पुरावा म्हणून वारंवार पुढे केला जातो. या 40 पैकी 16 लढती लाल मातीवर झाल्या व त्यांत नदाल 14-2 असा सरस ठरला. इतर पृष्ठांवर, म्हणजे हिरवळ व हार्ड कोर्ट मिळून, फेडरर 14-10 असा पुढे राहिला. यावरून नदालचे यश उणे होत नाही. रोलाँ गॅरोवर 14 विजेतेपदे आणि 112 विजयांसमोर अवघे 4 पराभव, हा विक्रम कोणत्याही तुलनेच्या पलीकडचा आहे. पण एकत्रित बेरजेत पृष्ठभाग लपतो, एवढे खरे.

शैलीचे खरे मोजमाप कसे असते, हे याच जोडीवरून दाखवता येते. जॉन यांडेल यांनी उच्चगती कॅमेऱ्याच्या साहाय्याने चेंडूची फिरत मोजली. नदालच्या फोरहँडची सरासरी फिरत मिनिटाला सुमारे 3200 फेरे, फेडररची सुमारे 2700, तर सॅम्प्रस व आगासी यांची 1900 च्या आसपास आढळली. हा आकडा कोण जिंकले ते सांगत नाही. चेंडूवर काय केले गेले, ते सांगतो. डावखुऱ्या नदालचा तिरका फोरहँड उजव्या हाताने खेळणाऱ्या फेडररच्या एकहाती बॅकहँडकडे जातो आणि मातीवर खांद्याइतका उसळतो. त्या उंचीवरून एकहाती बॅकहँड जोरकस मारणे अवघड. येथे आकडा, शरीर व कोर्ट यांची सांगड बसते.

आणि शैली कायमची नसते. 2017 मध्ये फेडररने मोठ्या रॅकेटसह बॅकहँड लवकर व सपाट मारण्यास सुरुवात केली आणि त्या वर्षीच्या चारही लढतींत नदालला हरवले. त्यांतली एकही मातीवर नव्हती, हे ध्यानात ठेवूनही बदल स्पष्ट दिसतो. कारकिर्दीची सरासरी काढली की 2008 चा फेडरर आणि 2017 चा फेडरर एकच होऊन जातात.

फटक्या-फटक्याची नोंद करणारा जेफ सॅकमन यांचा मॅच चार्टिंग प्रकल्प 2013 पासून या दिशेने काम करीत आला आहे. सर्व्हिसची दिशा, परतीच्या फटक्याची खोली, फोरहँड की बॅकहँड, हे सारे त्यात टिपले जाते. मात्र सामने निवडतात ते स्वयंसेवक. साहजिकच प्रसिद्ध खेळाडूंच्या मोठ्या लढती त्यात अधिक आणि पहिल्या फेरीतले, बाहेरच्या कोर्टवरचे सामने कमी. जोकोविचने दुबळ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध परतीचा फटका किती खोल ठेवला, हे पाहू जाता नोंदी विरळ होत जातात.