उपकरणांची अनुमती : एका नियमभाषेचे परीक्षण

जुन्या कागदपत्रांच्या अभ्यासकास आज संगणकशास्त्रातील एका क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नाशी गाठ घालावी लागते. सातारा-सांगलीकडील मोडी कागदांच्या प्रतिमा घेण्यासाठी स्कॅनर यूएसबी तारेने लिनक्स प्रणालीच्या संगणकास जोडला आणि प्रणालीने ‘परवानगी नाकारली’ असे उत्तर दिले, तर काय करावे, हा तो प्रश्न होय. ०६६६ हा अंक लिहून उपकरण सर्वांस खुले करावे, असा उपाय यावर सर्रास सांगितला जातो. तो चालतो, परंतु सामायिक संगणकावर तो अनिष्ट आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम नावाचा विचार करू. उपकरण जोडताच कर्नल त्यास एक क्रमांक देतो. तार काढून पुन्हा लावली की तो बदलतो. त्यामुळे त्या क्रमांकाच्या फाइलीस हाताने दिलेली अनुमती पुढील जोडणीस उरत नाही. १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ जिल्हा निर्माण झाला व १९६० साली त्यासच ‘सांगली’ हे नाव मिळाले. तासगाव जागच्या जागी राहिले, दप्तराचा मथळा मात्र दोनदा बदलला. केवळ मथळ्यावरून शोध करणाऱ्याची जी फसगत होते, तीच येथे होते. म्हणून युडेव्ह ही नियमव्यवस्था उत्पादकाचा व वस्तूचा संकेतांक पाहून उपकरण ओळखते. (एकाच नमुन्याची दोन उपकरणे असतील तर अनुक्रमांक पाहावा लागतो, आणि तो काही उपकरणांत नसतोच.)

या नियमांचे व्याकरण लक्षात घेण्याजोगे आहे. दोन बरोबरचिन्हे आली म्हणजे निमित्त, एकच आले म्हणजे विधान. फाइली त्यांच्या नावांच्या क्रमाने वाचल्या जातात आणि सामान्यतः नंतरचे विधान आधीच्यास बाधते. पाणिनीय परंपरेशी परिचित वाचकास यात परसूत्राच्या बलवत्त्वाची आठवण व्हावी. पण साम्य येथेच संपत नाही. ‘यूअ‍ॅक्सेस’ नावाची एक खूण आहे. ती लावली असता, संगणकासमोर प्रत्यक्ष बसून ज्याचे सत्र चालू आहे त्यासच उपकरण उघडता येते, आणि सत्र बदलताच तो अधिकार काढून घेतला जातो. सामायिक प्रयोगशाळेस याहून योग्य व्यवस्था कोणती? मात्र या खुणेवरून प्रत्यक्ष अधिकार देण्याचे कार्य ७३ या अंकाने आरंभ होणाऱ्या फाइलीत घडते. प्रघात असा, की स्वतःचा नियम ९९ ने सुरू होणाऱ्या फाइलीत लिहावयाचा. मग खूण लागते, पण कार्य आधीच होऊन गेलेले असते. त्रिपादीतील कार्य पूर्वसूत्रांच्या दृष्टीने असिद्ध असते, तसाच हा प्रकार. नियम ७० च्या फाइलीत हलविला की अडचण नाहीशी होते. हे न कळल्याने खूणच कुचकामी ठरविली जाते आणि पुन्हा ०६६६ कडे वळले जाते. मग दुरून प्रवेश केलेली व्यक्तीदेखील चालू प्रतिमाग्रहणात व्यत्यय आणू शकते. जीर्ण कागद पुन्हा काचेवर पसरावा लागणे ही लहान हानी नव्हे.

ग्रहण अर्ध्यावर तुटले की स्कॅनर कधी कधी अडून बसतो. ‘यूएसबीरीसेट’ हा लहान कार्यक्रम जोडणीचा रीसेट घडवितो. त्यास फाइलीवर लेखनाची अनुमती पुरते व क्रमांकही बहुधा कायम राहतो. ‘ऑथराइज्ड’ या नोंदीत आधी ० व नंतर १ लिहिणे हा दुसरा मार्ग. तो प्रशासकासच खुला आहे. दोहोंनीही वीज तुटेलच असे नाही. स्वतंत्र विजेवर चालणारा स्कॅनर आतूनच गोठला असेल, तर त्याचे बटण बंद करण्यावाचून गत्यंतर नसते.

या दोन अधिकारांस मराठीत सरसकट ‘परवानगी’ म्हणणे मात्र घातक आहे. फाइल कोणी उघडावी ही ‘अनुमती’, आणि उपकरण प्रणालीने स्वीकारावे की नाही ही ‘मान्यता’, असा भेद करता येईल. ‘रीसेट’साठी ‘पुनर्स्थापन’ योजल्यास विद्यार्थी सारी प्रणालीच नव्याने बसवू लागेल. सांगलीच्या दुकानदारासही कळणारा ‘रीसेट’ हाच शब्द ठेवावा.