मनोरा दिसतो, सभागृह दिसत नाही

बोरीबंदरला उतरून बाहेर आलात की समोर दोन रस्त्यांच्या बेचक्यात मुंबई महापालिकेची इमारत दिसते. ती आणि स्टेशन, दोन्ही एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचीच. खाली गॉथिक कमानी, वर आपल्याकडच्या वळणाचे घुमट. ही सरमिसळ अनेकांना खटकते, मला नाही. निमुळत्या जागेची अडचणच त्याने कामाला लावली आणि २५५ फुटांचा मनोरा उभा केला.

माझी तक्रार वेगळी आहे. दर्शनी भागावर पंखवाली स्त्री आहे: ‘अर्ब्स प्रायमा इन इंडिस’, हिंदुस्थानातलं पहिलं नगर. पण नगर म्हणजे कोण? कोनशिला १८८४ साली लॉर्ड रिपनच्या हस्ते बसली. दोनच वर्षं आधी त्याने स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला होता. १८९३ ला इमारत पुरी झाली, तेव्हा मत मूठभरांनाच. गिरणीतल्या कामगाराला प्रौढ मतदानासाठी स्वातंत्र्याची वाट बघावी लागली.

समोर फिरोजशहा मेहतांचा पुतळा आहे. १८८८ च्या पालिका कायद्यामागे त्यांचा मोठा हात होता. वाद घालून, मतं मोजून शहर चालवायचं, असा तो सगळा खटाटोप. आणि मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक वर्षानुवर्षं लांबली, कारभार प्रशासकाकडे गेला. त्या दिवसांतही आपण, म्हणजे मीसुद्धा, मान वर करून मनोराच बघत होतो. आत खुर्च्या रिकाम्या आहेत, हे बाहेरून कळत नाही.