पूल आणि सराई : आंद्रिच यांची कादंबरी आणि युगोस्लाव्ह समाज

इव्हो आंद्रिच यांची 'द्रीनेवरील पूल' ही कादंबरी 1945 साली बेलग्रेड येथे प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी युगोस्लाव्हियाचे समाजवादी संघराज्य स्थापन झाले. ग्रंथ आणि राज्य यांचा हा समकालीन जन्म कादंबरीच्या पुढील भवितव्याच्या दृष्टीने निर्णायक ठरला. सहा घटक प्रजासत्ताके, तीन प्रमुख धर्म आणि दोन लिप्या एकत्र नांदविण्याचा संकल्प केलेल्या त्या राज्याला 'बंधुभाव आणि ऐक्य' या आपल्या घोषणेसाठी एखादे दृश्य प्रतीक हवेच होते. दोन तीर जोडणारा, साडेतीनशे वर्षे अभंग राहिलेला दगडी पूल त्याला आयताच मिळाला. 1961 साली आंद्रिच यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी सप्टेंबरात बेलग्रेडला अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली आणि पंडित नेहरू तिला उपस्थित राहिले. त्या काळात पूल, लेखक आणि राज्य ही तिन्ही जणू एकाच अर्थाची तीन नावे आहेत, असा समज दृढ झाला. पुढे राज्य मोडले, आणि तीच कादंबरी आता नेमक्या उलट सिद्धान्ताच्या पुष्टीसाठी पुढे करण्यात येऊ लागली. एकाच ग्रंथातून दोन परस्परविरोधी निष्कर्ष निघत असतील, तर मुळात तो ग्रंथ काय सांगतो याची तपासणी अवश्य केली पाहिजे.

आंद्रिच यांचा जन्म 1892 साली बोस्नियातील त्राव्हनिकजवळ एका कॅथलिक कुटुंबात झाला. वडिलांच्या अकाली मृत्यूनंतर त्यांचे बालपण द्रीनाकाठच्या विशेग्राद गावी आत्याच्या घरी गेले. 1914 साली ऑस्ट्रियन सरकारने त्यांना राजकीय संशयावरून तुरुंगात टाकले. पुढे ते युगोस्लाव्ह राजसत्तेचे मुत्सद्दी झाले आणि 1939 ते 1941 या काळात बर्लिन येथे राजदूत होते. बेलग्रेड जर्मनांच्या ताब्यात असताना त्यांनी काहीही प्रसिद्ध करण्याचे नाकारले आणि भाड्याच्या खोलीत राहून ही कादंबरी लिहिली. तेव्हा तिच्या लेखनकाळी समाजवादी राज्य अस्तित्वात नव्हते. भोवती होते ते एका मोडलेल्या राज्याचे अवशेष आणि शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांची चालविलेली कत्तल. ऐक्याच्या उत्सवासाठी हा ग्रंथ लिहिला गेला नाही, हे त्याच्या जन्मकाळावरूनच स्पष्ट व्हावे.

कादंबरीची रचना बखरीसारखी आहे. चोवीस प्रकरणांत सोळाव्या शतकापासून 1914 पर्यंतचा कालखंड येतो. पुलाच्या मूळाशीच एक जखम आहे. 1516 साली बोस्नियातील ख्रिस्ती मुले 'रक्ताचा कर' म्हणून तुर्की सुलतानाच्या चाकरीसाठी नेण्यात येत होती. त्यांतील एका मुलाच्या मनात नावेतून द्रीना ओलांडतानाची वेदना काळ्या रेघेसारखी कायमची राहिली. तोच मुलगा पुढे वजीर मेहमेद पाशा सोकोलोविच झाला, आणि ती वेदना शमावी म्हणून त्याने त्याच ठिकाणी पूल बांधविला. प्रत्यक्ष इतिहासात हे बांधकाम 1571 ते 1577 या काळात थोर स्थपती सिनान याच्या आराखड्यानुसार झाले. कादंबरीत मात्र बांधकामाचा मुख्य प्रसंग आहे तो राडिसाव या शेतकऱ्याच्या वधाचा. वेठबिगारीविरुद्ध बंड करून रात्री बांधकाम मोडणाऱ्या या माणसाला सर्वांसमक्ष सुळावर चढविण्यात येते, आणि लेखक वाचकाला त्यातील एकही क्षण टाळू देत नाही. जोडणारी वास्तू जबरदस्तीतून उभी राहिली, हा विसंवाद आंद्रिच यांनी आरंभीच मांडून ठेवला आहे.

या पुलाने माणसे जोडली काय? या प्रश्नाला कादंबरीने दिलेले उत्तर कोणत्याही घोषणेत न मावणारे आहे. काठावरच्या खडकात काही गोल खळगे आहेत. सर्ब मुले त्यांना क्राल्येविच मार्कोच्या घोड्याच्या टापा मानतात. मुसलमान मुले जेर्झेलेझ अलियाच्या घोडीच्या टापा मानतात. याविषयी त्यांच्यांत वादही होत नाही, कारण प्रत्येक पक्षाला आपल्या म्हणण्याची पूर्ण खात्री आहे. काठावरच्या एका उंचवट्याचेही तसेच : एकांना ती राडिसावची समाधी वाटते, तर दुसऱ्यांना काफिरांच्या सैन्याला अडविताना धारातीर्थी पडलेल्या एका शेखाची कबर. दगड एकच, आख्यायिका दोन. शेजारधर्म आहे, परंतु सामायिक स्मृती नाही. पुलाच्या मध्यावरील 'कापिया' नावाच्या प्रशस्त भागावर सर्व धर्मांचे लोक बसतात, कॉफी पितात, गप्पा मारतात. पण तेथून उठल्यावर प्रत्येक जण आपल्या वस्तीत, आपल्या कालगणनेत परततो. महापुराच्या रात्री मात्र मुसलमान, ख्रिस्ती आणि ज्यू समाजांतील प्रमुख मंडळी उंचावरील एकाच घरात एकत्र जमतात, जुन्या गोष्टी सांगून परस्परांना धीर देतात. पाणी ओसरते, तशी ही जवळीकही ओसरते. आंद्रिच या रात्रीचा गौरव करीत नाहीत आणि उपहासही करीत नाहीत. संकटाने निर्माण केलेले ऐक्य संकटाइतकेच टिकते, एवढेच ते नोंदवितात.

येथवर कादंबरीचे जे वाचन होते ते बहुतेक समीक्षकांना परिचित आहे. परंतु पुलाशेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या एका वास्तूकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. वजिराने पुलाबरोबर प्रवाशांसाठी एक दगडी सराई बांधली आणि तिच्या खर्चासाठी वक्फ नेमून दिला. वक्फ, मुतवल्ली, सराई हे शब्द मराठी वाचकाला नवे नाहीत. त्यामुळे या भागातील व्यवहार त्याला सहज कळावा. या वक्फाचे उत्पन्न हंगेरीतील जमिनींवर अवलंबून होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस तुर्कांना हंगेरी सोडावी लागली आणि उत्पन्न थांबले. त्या वेळचा मुतवल्ली दाउत-होजा याने प्रथम अर्ज-विनंत्या केल्या, नंतर पदरचे पैसे घातले, अखेर कर्जही काढले. स्वतः छपरावर चढून तो गवत उपटीत असे. तो गेल्यावर सराई हळूहळू कोसळली. कोणी तिच्यावर हल्ला केला नव्हता. तिची राखण करणारा उरला नव्हता, इतकेच. पूल मात्र जसाच्या तसा राहिला, कारण त्याला निगेची गरज नाही असे गावाला वाटत होते.

कादंबरीचे मर्म या दोन वास्तूंच्या विरोधात आहे. पूल हा स्थायित्वाचा भास आहे. सराई ही स्थायित्वाची अट आहे. गावाला पुलाच्या शाश्वततेचा जो विश्वास वाटतो, त्याला निवेदक आरंभी दुजोरा देतो असे दिसते. पण शेवटाकडे येताना तो विश्वास ढासळत जातो. 1878 साली ऑस्ट्रियन येतात, पुलाची डागडुजी करतात, रस्ते आणि रेल्वे आणतात. पुढे त्याच पुलाच्या एका खांबात ते सुरुंगासाठी पोकळी खोदून ठेवतात. डागडुजी करणारा हात आणि सुरुंग पेरणारा हात एकच आहे. 1914 साली तो सुरुंग उडतो, पूल मधोमध तुटतो, आणि घराच्या चढावर अली-होजा कोसळून मरण पावतो. या अली-होजाचे आडनाव मुतेवेलिच आहे. तो सराईच्या त्या जुन्या मुतवल्लीचा वंशज. निगराणीचा वारसा सांगणारा अखेरचा माणूस आणि पूल एकाच वेळी नाहीसे होतात. अशी योजना योगायोगाने होत नाही. सहजीवन म्हणजे मनोमीलन नव्हे, ते निगराणीचे नाव आहे, आणि ती थांबली की सर्वांत भक्कम दगडही सुरक्षित नसतो, असा या ग्रंथाचा निर्णय दिसतो.

'भूमी द्वेषाची आहे' असे म्हणणाऱ्यांनी आंद्रिच यांच्याच '1920 सालचे पत्र' या 1946 मधील कथेचा आधार घेतला. या कथेतील माक्स लेवेनफेल्ड हा तरुण डॉक्टर बोस्निया कायमचा सोडताना मित्राला लिहितो, की येथील द्वेष हीच एक स्वतंत्र शक्ती आहे. सारायेवोत रात्री वेगवेगळ्या धर्मांची घड्याळे वेगवेगळ्या वेळी ठोके देतात. 1992 नंतरच्या युद्धकाळात हे पत्र राजकीय चर्चांत लेखकाच्या स्वतःच्या मताप्रमाणे उद्धृत झाले. हा वाङ्मयीन निष्काळजीपणा होय. पत्र पात्राचे आहे, आणि कथा पत्राबरोबर संपत नाही. द्वेषापासून दूर गेलेला माक्स 1938 साली स्पेनच्या यादवी युद्धात इस्पितळात काम करीत असताना विमानांच्या बाँबहल्ल्यात मारला जातो. द्वेष एखाद्या प्रदेशाच्या मातीचा गुण आहे, हे त्याचे प्रमेय कथेनेच खोडून काढले आहे.

याचा अर्थ आंद्रिच यांची कला निर्दोष आहे असा नव्हे. बोस्नियातील मुसलमान समाजाचे त्यांनी केलेले चित्रण एकांगी आहे, असा आक्षेप मुहसिन रिझविच यांसारख्या अभ्यासकांनी सविस्तर घेतला, आणि तो सर्वस्वी फेटाळता येणार नाही. या कादंबरीतील मुसलमान पात्रे बहुधा भूतकाळाकडे तोंड करून उभी असतात. भविष्याची भाषा इतरांच्या तोंडी येते. पुलावर रात्री चाललेल्या विद्यार्थ्यांच्या चर्चेत गालुस हा उत्साही तरुण नव्या स्वतंत्र राज्याचे आणि नव्या पुलांचे स्वप्न रंगवितो. त्याचा मुसलमान मित्र बाहत्यारेविच गप्प राहतो. ही शांतता अर्थपूर्ण आहे. परंतु तिला स्वतःचे शब्द मिळाले असते, तर कादंबरीचे वजन वाढले असते. याशिवाय प्रकरणाच्या शेवटी अचल पुलाकडे परतण्याची लेखकाची लकब कधीकधी यांत्रिक होते. घटनांची वेदना त्या वाक्यांत विरघळते, आणि प्रतीक शोधणाऱ्या उतावळ्या वाचकाला तेथेच आश्रय मिळतो. कादंबरीच्या चुकीच्या वाचनास काही अंशी ही लकबही जबाबदार आहे.

सराईचा हा धागा हाती धरून समाजवादी संघराज्याच्या सांस्कृतिक इतिहासाकडे पाहिले असता त्यातील काही घटना अधिक स्पष्ट होतात. 1954 साली नोव्ही साद येथे लेखक व भाषापंडितांनी सर्ब, क्रोएट आणि मॉन्टेनेग्रिन लोकांची भाषा एकच असून तिचे दोन उच्चार आणि दोन लिप्या समान दर्जाच्या आहेत, असा करार केला. स्वाक्षरी करणाऱ्यांत आंद्रिचही होते. सर्ब आणि क्रोएट या दोन्ही साहित्यसंस्थांनी मिळून एक सामायिक शब्दकोश करावा असे ठरले. हा शब्दकोश म्हणजे भाषेचा वक्फच होता. 1967 साली त्याचे पहिले खंड निघाले, आणि त्याच वर्षी क्रोएट संस्थांनी आपल्या भाषेच्या स्वतंत्र नावाची मागणी करणारे निवेदन प्रसिद्ध केले. संयुक्त काम मोडले आणि उरलेले खंड सर्ब संस्थेने एकटीने पुरे केले. त्यापूर्वी 1961–62 मध्ये सर्ब लेखक दोब्रित्सा चोसिच आणि स्लोव्हेन समीक्षक दुशान पिर्येवेत्स यांच्यात वाद झाला होता. प्रजासत्ताकांच्या सीमा संस्कृतीच्याही सीमा असाव्यात काय, हा त्याचा विषय होता. ऐक्याची ग्वाही सर्व जण देत होते. सामायिक संस्थांचा भार कोणी वाहावा, याबाबत मात्र मतैक्य नव्हते.

अर्थकारणातही तेच घडले. मागास प्रजासत्ताके आणि कोसोव्हो यांच्यासाठी 1965 साली स्थापन झालेला संघीय निधी श्रीमंत प्रजासत्ताकांना ओझे वाटू लागला, तर गरीब प्रजासत्ताकांना तो अपुरा वाटे. 1974 च्या संविधानाने घटकांना व्यापक अधिकार दिले. 1980 साली टीटो यांच्या मृत्यूनंतर सर्वांना बांधून ठेवणारा अधिकार उरला नाही, आणि सुमारे वीस अब्ज डॉलरांचे परकीय कर्ज डोक्यावर होते. 1981 च्या जनगणनेत स्वतःला केवळ 'युगोस्लाव्ह' म्हणवून घेणाऱ्यांचे प्रमाण 5.4 टक्के होते. पुलावर बसणारे पुष्कळ, सराईच्या छपरावर चढणारे थोडे, असेच या आकड्याचे वाचन करता येईल. 1990 च्या जानेवारीत कम्युनिस्ट संघाच्या अधिवेशनातून स्लोव्हेन प्रतिनिधी उठून गेले. 1991 च्या जूनमध्ये स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया यांनी स्वातंत्र्य घोषित केले. अर्थात कादंबरीतून इतिहासाचा कार्यकारणभाव काढता येत नाही. युद्ध निगराणीच्या अभावातून आपोआप उद्भवले नाही. त्याला निश्चित माणसे, निश्चित सैन्ये आणि निश्चित हेतू होते.

याची साक्ष स्वतः तो पूलच देतो. 1991 साली विशेग्रादमधील आंद्रिच यांच्या स्मारकाची मोडतोड झाली. त्यानंतरच्या वर्षी सर्ब सशस्त्र दलांनी गावातील मुसलमान रहिवाशांना मारून त्यांची प्रेते द्रीनेत टाकली. हा पूलही वधस्थान झाला. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने या अत्याचारांबद्दल शिक्षा दिल्या आहेत. पूर्वी दोन तृतीयांशाच्या आसपास मुसलमान वस्ती असलेल्या या गावाचे रूप पालटले. 2007 साली पुलाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, आणि 2014 साली त्याच्यापासून जवळच आंद्रिच यांच्या नावाने एक नवी दगडी नगरी उभी राहिली. दगडाची निगा उत्तम राखली जात आहे. ज्या शेजारासाठी तो दगड बसविला गेला, त्याची राखण मात्र झाली नाही. यातील कोणत्याही घटनेला आंद्रिच यांनी आपल्या ग्रंथात आधार दिलेला नाही. तरीही प्रत्येक पक्षाने त्यांचे नाव वापरले.

म्हणून 'द्रीनेवरील पूल' ऐक्याचे स्तोत्र म्हणूनही वाचू नये आणि द्वेषाचा दस्तऐवज म्हणूनही वाचू नये. पुलाची भव्यता वाचकाला मोहविते, आणि ती मोहविण्यासाठीच आहे. पण ग्रंथाची नैतिक दृष्टी आहे ती उत्पन्न बंद झाल्यावरही छपरावरचे गवत उपटणाऱ्या दाउत-होजाजवळ. बहुभाषिक, बहुधर्मीय राज्यांच्या साहित्याचा अभ्यास करणाऱ्याने त्यांच्या पुलांबरोबर त्यांच्या सरायांचाही शोध घ्यावा : सामायिक शब्दकोश, सामायिक निधी, सामायिक पाठ्यपुस्तके कोणी सांभाळली, कोणी सोडून दिली, आणि त्याचा खर्च कोणी दिला. या प्रश्नांची उत्तरे घोषणांत सापडत नाहीत. आंद्रिच यांनी ती एका पडक्या सराईच्या वर्णनात ठेवली आहेत.