बहिःशाल शिक्षण : व्याख्यान आणि वर्ग

‘बहिःशाल’ हा शब्द आपल्याकडे विद्यापीठाच्या कारभारातून आला आणि बराचसा तिथेच राहिला. इंग्रजीतल्या ‘एक्स्ट्रा-म्यूरल’चा, म्हणजे ‘भिंतींबाहेरच्या’चा, हा मराठी प्रतिशब्द. विद्यापीठाचे शिक्षण नोकरी-संसारात असलेल्या प्रौढांपर्यंत नेणे, एवढाच त्याचा सरळ अर्थ. पण भिंतींबाहेर नेमके काय न्यायचे? व्याख्यान न्यायचे की वर्ग? वरवर पाहता हा भेद किरकोळ वाटतो. माझे म्हणणे असे की, सगळा प्रश्न या भेदातच आहे. इंग्लंडमधील बहिःशाल परंपरेतून आपण व्याख्यान उचलले, वर्ग तिथेच ठेवला. त्यामुळे प्रौढ माणूस आपल्या विद्यापीठांना श्रोता म्हणून माहीत झाला, विद्यार्थी म्हणून झाला नाही.

केंब्रिज विद्यापीठाने 1873 मध्ये विस्तार-व्याख्याने सुरू केली. त्यामागे जेम्स स्टुअर्ट या तरुण अध्यापकाची आधीच्या काही वर्षांची खटपट होती. तो उत्तर इंग्लंडमधील शहरांत स्त्रियांपुढे व्याख्याने देई. तरुण पुरुषाने स्त्रियांना समोरासमोर प्रश्न विचारणे त्या काळच्या शिष्टाचारात बसत नव्हते. म्हणून त्याने प्रश्न लिहून दिले आणि उत्तरे लिहून मागवली. रॉचडेल येथे सहकारी संस्थेच्या सभासदांपुढे बोलताना त्याने आपल्या आकृत्या पुढच्या आठवड्यापर्यंत सभागृहात टांगून ठेवल्या. सभासद त्या आकृत्यांभोवती जमून आपसांत चर्चा करू लागले आणि मग त्यांनी स्टुअर्टलाही त्या चर्चेत ओढले. लेखी उत्तर आणि चर्चेचा तास ही वर्गाची दोन अंगे अशी जवळपास अपघाताने जन्मली. त्यांपैकी दुसरे तर विद्यार्थ्यांनीच निर्माण केले होते.

पुढे विस्तार-व्याख्यानांना गर्दी झाली, पण तिच्यात मध्यमवर्गीय अधिक होते. सहकारी चळवळीत कारकुनी केलेल्या अल्बर्ट मॅन्सब्रिजने 1903 मध्ये कामगारांच्या शिक्षणासाठी संस्था काढली. तीच ‘वर्कर्स एज्युकेशनल असोसिएशन’ या नावाने प्रसिद्धीस आली. जानेवारी 1908 मध्ये आर. एच. टॉनी या अर्थ-इतिहासकाराने रॉचडेल आणि लाँग्टन येथे वर्ग सुरू केले. एक गाव कापडगिरण्यांचे, दुसरे चिनी मातीच्या भांड्यांचे. वर्गाचे नियम कडक होते. विद्यार्थी साधारण तीसच. वर्षातून चोवीस बैठका, प्रत्येक दोन तासांची. पहिला तास शिक्षकाचा, दुसरा चर्चेचा. पंधरा दिवसांनी एक निबंध. आणि हे सलग तीन वर्षे. शेवटी पदवी नाही, पगारवाढ नाही. दिवसभर भट्टीपाशी उभा राहिलेला माणूस रात्री सोळाव्या शतकातील शेतजमिनीच्या प्रश्नावर निबंध लिहिणार, ही अपेक्षा आज आपल्याला क्रूर वाटेल. मला तीत आदर दिसतो. ‘तुम्हाला झेपेल तेवढेच सांगतो’ असे टॉनी म्हणाला नाही.

साहित्याच्या वाचकाने या इतिहासात रस घ्यावा, याला वेगळे कारण आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्रजी समीक्षेला आणि इतिहासलेखनाला वळण देणारी तीन माणसे या वर्गांतली आहेत. रिचर्ड हॉगर्ट 1946 पासून हल विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागात होता. कामगारवर्गाच्या वाचनाविषयीचे त्याचे पुस्तक 1957 चे. रेमंड विल्यम्स 1946 ते 1961 ऑक्सफर्डच्या वतीने प्रौढांचे वर्ग घेत होता. ‘कल्चर अँड सोसायटी’ हे 1958 चे पुस्तक त्याच काळातले. ई. पी. थॉम्पसन 1948 पासून लीड्स विद्यापीठाच्या बहिःशाल विभागात शिकवत होता. इंग्रज कामगारवर्गाच्या घडणीचा 1963 चा त्याचा ग्रंथ तिथे असतानाच लिहिला गेला. आपल्या वर्गातील प्रौढांकडून आपण पुष्कळ शिकलो, अशी कबुली त्याने प्रस्तावनेत दिली आहे. हे केवळ सौजन्य समजू नये. विणकराच्या नातवंडांसमोर विणकरांचा इतिहास सांगताना ‘यंत्रापुढे टिकू न शकलेले मागासलेले लोक’ असे म्हणून पुढे सरकता येत नाही.

मात्र वर्गात सारे गोडीगुलाबीचे होते, असेही नाही. लीड्स विभागाचा प्रमुख एस. जी. रेबोल्ड याचा आग्रह होता की, प्रौढांचे काम विद्यापीठाच्या दर्जाचेच हवे. 1950 मध्ये थॉम्पसनने त्याविरुद्ध टिपण लिहिले. दर्जा म्हणजे कोणाचा दर्जा, आणि विद्यापीठ ज्याला अलिप्तपणा म्हणते तो खरोखर अलिप्त असतो का, असा त्याच्या आक्षेपाचा रोख होता. 1968 मध्ये, विभाग सोडून गेल्यावर, लीड्समध्येच मॅन्सब्रिजच्या स्मरणार्थ दिलेल्या व्याख्यानात त्याने हा विचार परिपक्व रूपात मांडला. वर्डस्वर्थच्या कवितेपासून सुरुवात करून तो सांगतो की, प्रौढ विद्यार्थी अनुभव घेऊन वर्गात येतो आणि त्या अनुभवामुळे शिकवण्याची पद्धत बदलते, अभ्यासक्रम बदलतो, ज्ञानशाखेतील कच्चे दुवेही उघडे पडतात.

या मांडणीवर एक रास्त आक्षेप येतो. अनुभव म्हणजे ज्ञान नव्हे. आपला अनुभव हाच पुरावा मानणारा माणूस तरुण विद्यार्थ्यापेक्षा अधिक हट्टी असू शकतो. पण टॉनीच्या वर्गाची रचना पाहिली, तर या आक्षेपाचे उत्तर तिच्यातच आहे. चर्चेच्या तासात अनुभव बोलतो. निबंधात त्याला पुरावा द्यावा लागतो. म्हणजे रेबोल्डच्या शिस्तीशिवाय थॉम्पसनचे म्हणणे उभे राहत नाही. दोघे एकाच वर्गाच्या दोन तासांची बाजू घेऊन भांडत होते, असे मला वाटते.

आता आपल्याकडे पाहू. जोतीराव फुल्यांनी 1855 मध्ये पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. म्हणजे प्रौढांचा वर्ग आपल्याला परका नव्हता. पण 1875 मध्ये सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेने सुशिक्षित समाजाला वेगळी सवय लावली. एकाने उभे राहून बोलायचे, इतरांनी बसून ऐकायचे. कीर्तनाचा संस्कार पाठीशी होताच. पुणे विद्यापीठ 1949 मध्ये स्थापन झाले. त्याच्या बहिःशाल शिक्षण मंडळाची ओळख पहिले कुलगुरू बॅ. जयकर यांच्या नावाच्या व्याख्यानमालेने झाली, यात आश्चर्य नाही. या व्याख्यानांनी केलेले काम मी कमी लेखत नाही. वाचनालये नसलेल्या गावांत ती वाचनालयाच्या जागी होती. तरीही ती श्रोत्याला काही लिहायला लावत नाहीत, वक्त्याला पुन्हा त्याच गावी यायला लावत नाहीत.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 1977 मध्ये अध्यापन आणि संशोधन यांच्या बरोबरीने ‘विस्तार’ हे विद्यापीठाचे तिसरे अंग मानले. परंतु विस्तारकार्यात नाव नोंदवतो तो प्रामुख्याने महाविद्यालयीन तरुण. प्रौढ असतो त्याच्या सर्वेक्षणात, पथनाट्यासमोर, अहवालाच्या तक्त्यात. विभागाच्या पाटीवर ‘आजीवन अध्ययन’ आणि अहवालात ‘लाभार्थी’, ही विसंगती कोणाला खटकत नाही. 1989 मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने मात्र प्रौढाला खरोखर विद्यार्थी मानले. दहावी-बारावी हुकलेल्यांना पूर्वतयारीच्या वाटेने पदवीपर्यंत नेले. हे मोठेच काम. तिथे पुस्तक शिक्षक झाले. पण पुस्तकाला वाचकाकडून शिकता येत नाही.

खरा वर्ग आपल्याकडे चळवळींत होता. ‘अभ्यासवर्ग’ हा शब्दच त्यांचा. मात्र पक्षाच्या अभ्यासवर्गात बहुधा उत्तर आधी ठरलेले असते. नारायण सुर्वे यांनी 1966 च्या संग्रहाला ‘माझे विद्यापीठ’ हे नाव दिले, तेव्हा समीक्षेने त्यातील अभिमान टिपला. त्यातली तक्रार टिपली का? गिरणगावातला माणूस रस्त्याला विद्यापीठ म्हणतो, त्या वेळी त्याच शहरात शंभरी ओलांडलेले एक विद्यापीठ उभे होते.

एक प्रसंग सांगतो, तो माझ्याच विरुद्ध जाणारा. एका तालुक्याच्या गावी मी जात्यावरच्या ओव्यांवर बोललो. भावावरच्या ओव्यांतून बहिणीचे माहेरप्रेम कसे ओसंडते, ते रंगवून सांगितले. आभारप्रदर्शन झाले, नारळ मिळाला. दाराशी एक म्हाताऱ्या बाई थांबल्या होत्या. म्हणाल्या, “सर, चांगलं बोललात. पण भाऊ येतो म्हणून नाही गात कुणी. येत नाही म्हणून गातात.” मी हसून मान डोलावली. गाडी सुरू होती. माझ्या तासभराच्या विवेचनापेक्षा त्यांचे एक वाक्य अधिक खोल होते. वर्ग असता, तर पुढच्या आठवड्यात ते वाक्य फळ्यावर असते. कोणत्या ओव्या त्याला दुजोरा देतात, कोणत्या देत नाहीत, हे आम्ही शोधले असते. बाईंनी कदाचित ते लिहिलेही असते, नाहीतर कोणाकडून लिहून घेतले असते. त्यांचे नाव मी विचारले नाही. तेच व्याख्यान नंतर मी आणखी दोन ठिकाणी दिले, काही न बदलता.

बहिःशाल शिक्षणाने प्रौढाला काय दिले, याचे हिशेब पुष्कळ मांडले जातात. प्रौढाने विद्यापीठाला काय दिले असते, हा हिशेब मांडायचा राहून गेला आहे. त्यासाठी फार काही लागत नाही. एक खोली, तीस माणसे, चोवीस संध्याकाळी, आणि आभारप्रदर्शनानंतरही थांबायला तयार असलेला एक शिक्षक.