तुकोजी होळकरांचे वडील कोण?

दिवाळीला सारे घर एकत्र जमले, फराळ झाला, की कोणीतरी ट्रंकेतले जुने कागद बाहेर काढतो आणि वंशावळीचा विषय निघतो. खापरपणजोबांच्या वडिलांचे नाव नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत एक असते, जमिनीच्या जुन्या कागदात दुसरेच. मग ‘यातले खोटे कोणते?’ यावर वाद रंगतो. मला वाटते, येथेच आपण चुकतो. ते कसे, हे सांगण्यासाठी मी चांदवडच्या वाड्याचा आधार घेणार आहे.

मुंबई-आग्रा रस्त्यावरील चांदवडचा रंगमहाल हा होळकरांचा वाडा. अहिल्याबाईंचे नाव त्याच्याशी कायमचे जडलेले आहे. त्याच्या कोरीव लाकडी खांबांमध्ये उभे राहिले, की मला त्या घराण्याच्या वंशावळीतली एक गाठ आठवते. ती गाठ म्हणजे तुकोजी होळकर.

सर जॉन माल्कम यांचा मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथ १८२३ साली प्रसिद्ध झाला. तुकोजी हे मल्हाररावांच्या जातीचे, पण त्यांच्या नात्यातले नव्हेत, असे माल्कम त्यात सांगतात. आणि त्याच ग्रंथात हेही सांगतात, की अहिल्याबाईंच्या आज्ञेने तुकोजींच्या मोठ्या मुद्रेवर त्यांना ‘मल्हाररावांचा पुत्र’ म्हटले होते. शिवाय वयाने मोठे असूनही ते बाईंना आई म्हणत. होळकरांच्या वंशावळी मात्र तुकोजींना घराण्याच्याच दुसऱ्या शाखेत बसवतात.

आता गंमत पाहा. अहिल्याबाई या मल्हाररावांचे पुत्र खंडेराव यांच्या पत्नी. तुकोजी मल्हाररावांचे पुत्र असतील, तर बाई त्यांच्या वहिनी झाल्या. आणि आई असतील, तर मल्हारराव आजोबा झाले! मोठ्या वहिनीला आईच्या जागी मानणारे दीर आपल्याकडे घरोघर आहेत, हे खरे. पण मग ‘आई’ हा शब्दही मानाचा ठरतो, जन्माचा नव्हे. माल्कम या सर्व गोष्टी प्रामाणिकपणे नोंदतात. त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहत नाहीत, एवढीच माझी तक्रार.

त्या पाहायच्या तर काळ पाहावा लागतो. खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले, मल्हारराव १७६६ साली वारले आणि नातू मालेराव १७६७ साली. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांचा आग्रह असा, की बाईंनी एखादे मूल दत्तक घ्यावे. राघोबादादांचे त्यांना पाठबळ होते. बाईंनी ते मानले नाही. कारभार स्वतःकडे ठेवून त्यांनी फौज तुकोजींच्या हाती दिली. मुद्रेवरचा ‘पुत्र’ हा शब्द या प्रसंगातून आलेला आहे. दिवाणांच्या मुठीतले मूल नको, पण फौजेच्या सरदाराला घराण्याचे नाव तर हवे. माझ्या मते त्या अडचणीचे उत्तर या एका शब्दात आहे.

मग माल्कम यांचेच म्हणणे प्रमाण मानावे काय? तेही सांभाळून. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरच्या लढाईत होळकरांच्या फौजेविरुद्ध ते स्वतः लढले होते आणि लगेच जानेवारी १८१८ मधला मंदसोरचा तह ठरवण्यात त्यांचाच हात होता. घराण्याला जिंकणाऱ्याने घराण्याची कुळकथा लिहिली, तीही तुकोजींच्या मृत्यूनंतर पंचवीस-सव्वीस वर्षांनी. अहिल्याबाईंची त्यांनी मनापासून थोरवी गायली, म्हणून त्यांचा प्रत्येक शब्द जन्माचा दाखला ठरत नाही. आणि घराण्याने स्वतः राखलेल्या वंशावळीला, गादीवरचा पुरुष आपल्याच रक्ताचा आहे असे सांगण्याची निकड असते, हेही विसरून चालणार नाही.

म्हणून ‘खोटे कोणते?’ या प्रश्नाआधी तीन प्रश्न विचारावेत : हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले, आणि कशासाठी लिहिले? मुद्रा अधिकार सांगते, वंशावळ आपलेपणा सांगते, परका ग्रंथकार ऐकीव माहिती सांगतो. तिघांनाही एकच प्रश्न विचारला, तर भांडण होणारच.

आपल्या घरच्या कागदांतही पुष्कळदा हेच असते. दत्तक गेलेल्या मुलाचे नाव एका कागदात जन्मदात्याच्या नावापुढे, दुसऱ्यात दत्तक पित्याच्या. १९५६ चा दत्तकाचा कायदाही दोन्ही घरे ध्यानात ठेवतो : मूल सर्व बाबतींत नव्या घरचे होते, पण जन्माच्या घरात ज्यांच्याशी विवाह निषिद्ध होता, तो निषेध दत्तकानंतरही कायम राहतो. कायदा जे विसरत नाही, ते आपण एका नावावर काट मारून विसरावे काय? ती काट एका माणसावर पडत नाही; पोटचे पोर दुसऱ्याच्या ओटीत घालणाऱ्या आईवरही पडते.

यंदा वंशावळ काढलीत, तर दोन्ही नावे लिहा आणि प्रत्येकापुढे ते कोणत्या कागदात सापडले तेही लिहा. उत्तर आज मिळाले नाही, तरी पुढच्या पिढीला निदान प्रश्न तरी नीट मिळेल.